नाव कुठे पाठवायचं

आईने माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात बसवलंय: "आमची मुलगी अमेरिकेतल्या वकिलांना स्थळं बघून देते." सोसायटीतल्या हळदीकुंकवात हे ऐकून एका काकूंनी त्यांच्या अटलांटातल्या पुतण्याचा बायोडेटा मला व्हॉट्सअॅप केला. तो वकील नव्हता. त्याला नोकरीही नको होती.

तरी आईचं वाक्य मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण याहून जवळचं वर्णन मला स्वतःलाही जमलेलं नाही. पुण्यात, खराडीतल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर बसून मी अमेरिकेतल्या एका लीगल रिक्रुटिंग कंपनीसाठी रिसर्च करते. संध्याकाळी साडेसहाला शिफ्ट सुरू होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आठ. शिकागोत बसलेला माझा बॉस वकिलांशी फोनवर बोलतो, त्यांचं रडगाणं ऐकतो, त्यांचा विश्वास कमावतो. मग फाइल माझ्याकडे येते आणि तिच्यासोबत एकच प्रश्न असतो: हे नाव कुठे पाठवायचं?

आमचे बहुतेक कँडिडेट म्हणजे मोठ्या लॉ फर्ममध्ये दोन ते सहा वर्षं काढलेले असोसिएट. कुणाला शहर बदलायचं असतं, कुणाला पार्टनरचा जाच असह्य झालेला असतो, कुणाला नुसतं रात्रीच्या जेवणाला घरी पोचायचं असतं. एका फर्ममधून दुसऱ्या फर्ममध्ये जाण्याला तिकडे 'लॅटरल मूव्ह' म्हणतात, म्हणजे शिडी न चढता आडवं सरकणं.

हे आडवं सरकणं तिथे फार जुनं नाही. एकेकाळी वकील ज्या फर्ममध्ये लागायचा तिथेच म्हातारा व्हायचा आणि दुसऱ्याच्या फर्ममधला माणूस उचलणं असभ्यपणाचं मानलं जायचं. मग १९७९ मध्ये 'द अमेरिकन लॉयर' हे नियतकालिक निघालं आणि १९८५ पासून ते मोठ्या फर्म्सच्या कमाईची क्रमवारी छापू लागलं. समोरच्या इमारतीतला पार्टनर आपल्या दुप्पट कमावतो हे छापून आल्यावर सभ्यता किती दिवस टिकणार? त्यात वकिलांना एक सवलत आहे. 'इथून गेलास तर आमच्या स्पर्धकाकडे जायचं नाही' असा करार फर्मला वकिलाकडून करून घेता येत नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांतला ५.६ क्रमांकाचा नियम त्याला मनाई करतो, कारण आपला वकील निवडायचा हक्क अशिलाचा आहे. त्यामुळे वकील सोमवारी एका फर्ममध्ये आणि मंगळवारी रस्त्यापलीकडच्या फर्ममध्ये बसू शकतो. या दोन वारांच्या मधल्या फटीत आमचा धंदा चालतो.

आता पैसे. आमची फी वकील देत नाही. त्याला घेणारी फर्म देते, आणि तीही तो रुजू झाला तरच. प्रचलित दर पहिल्या वर्षाच्या पगाराच्या पंचवीस टक्क्यांच्या आसपास. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या बड्या फर्म्सनी जी पगारश्रेणी लावली, तिच्यात नवख्या असोसिएटला वर्षाला २,२५,००० डॉलर आणि चौथ्या वर्षाच्या असोसिएटला ३,१०,००० डॉलर मिळतात; बोनस वेगळा. म्हणजे अशी एक असोसिएट जागेवर बसली की आमच्या कंपनीला ७७,५०० डॉलर. आपल्याकडचे साठ लाखांहून जास्त. नाही बसली तर शून्य, आणि बसून काही महिन्यांतच उठली तर घेतलेल्या फीतला वाटा परत. (कोर्टात ज्युनियरशिप करत होते तेव्हा माझे सीनियर मला महिन्याला सहा हजार द्यायचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायची सवय मी पहिल्या महिन्यातच सोडली.)

हा ७७,५०० चा आकडा ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्याच्या सावलीत घडतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की रिक्रुटरने जितक्या जास्त फर्म्सना नाव पाठवावं तितकी संधी जास्त. मीही सुरुवातीला असंच समजत होते. पण नाव पाठवणं फुकट नसतं. रेझ्युमे फर्मच्या सिस्टीममध्ये शिरला की त्यावर तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव चिकटतं. त्यानंतर ठरावीक काळ, बऱ्याच ठिकाणी सहा महिने, त्या कँडिडेटवर त्या रिक्रुटरचा दावा राहतो. या काळात तीच मुलगी दुसऱ्या रिक्रुटरकडून किंवा स्वतःहून आली तरी फीचा वाद उभा राहू शकतो. दोन मध्यस्थांनी एकच स्थळ आणलं तर दक्षिणा कुणाला द्यायची हा घोळ आपल्याकडेही होतो. फरक इतकाच की तिकडे काही फर्म्स सरळ स्थळच नाकारतात. भांडण नको, मुलगी नको.

दुसरं म्हणजे नकाराचीही नोंद राहते. आज पाठवलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि चार महिन्यांनी त्याच टीममध्ये अगदी तिच्यासाठी बेतल्यासारखी जागा निघाली, तरी कॉम्प्युटरवर आधीचा नकार दिसतो. तो ओलांडून पुन्हा बघायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

आणि तिसरं, हे क्षेत्र लहान आहे. चाळीस ठिकाणी एकच नाव गेलं की पार्टनर लोक जेवणाच्या टेबलावर एकमेकांना विचारतात, तुझ्याकडेही आली का ही? मुलीची पत्रिका सगळ्या मंडळांत फिरते आहे असं कळल्यावर लोक जो प्रश्न विचारतात तोच इथेही विचारला जातो. शिवाय ती सध्या जिथे काम करते तिथवर कुजबुज पोचली तर आहे ती नोकरीही अवघड. म्हणून कँडिडेटच्या संमतीशिवाय त्याचं नाव कुठेही पाठवू नये, असं तिथल्या लीगल रिक्रुटर्सच्या संघटनेची आचारसंहिताच सांगते. सगळेच ती पाळतात असं नाही. रेझ्युमे हातात पडला की पन्नास फर्म्सवर फेकून मोकळे होणारे लोक या धंद्यात आहेत. एखादा कुठेतरी चिकटतो, बाकीच्यांचं नाव खर्ची पडतं आणि त्यांना ते कधी कळतही नाही. तुम्ही वकील असाल आणि कुणी 'मी तुझं नाव सगळीकडे टाकतो' म्हणालं, तर पाणी प्यायला उठा आणि परत येऊ नका.

एक फाइल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

न्यूयॉर्कमधली चौथ्या वर्षाची असोसिएट, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम. तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला जायचं होतं, कारण आई सॅक्रामेंटोत एकटी होती आणि आजारी होती. मी पहिली यादी केली ती त्या भागात तिच्या प्रकारचं काम करणाऱ्या ऑफिसांची. अडुसष्ट निघाली. यातली काही नावं पहिल्या तासातच गेली, कारण त्या फर्म्स रिक्रुटर्सकडून रेझ्युमे घेतच नाहीत किंवा ठरलेल्या दोन-तीन एजन्सींशिवाय कुणाला दारात उभं करत नाहीत. काहींना फक्त दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे हवे होते. या क्षेत्रात पदवीचं वर्ष ही जातकुळीसारखी चिकटणारी गोष्ट आहे: फार नवखा असेल तर शिकवावं लागतं, आणि सात-आठ वर्षं झालेली असतील तर विचारतात, स्वतःचे अशील किती घेऊन येणार?

मग सनदेचा प्रश्न. आपल्याकडे महाराष्ट्राची सनद घेऊन वकील गुजरातच्या कोर्टात उभा राहू शकतो. अमेरिकेत सनद राज्याची असते. न्यूयॉर्कच्या परीक्षेचे गुण इतर बऱ्याच राज्यांत चालतात, कॅलिफोर्नियात नाही. तिथे परत परीक्षा, फेब्रुवारीत किंवा जुलैत. ती फेब्रुवारीत बसायला तयार होती. तेवढं चालवून घेणाऱ्या फर्म्स कुठल्या आणि सनद हातात असल्याशिवाय न बोलणाऱ्या कुठल्या, हे वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. गेल्या तीन-चार वर्षांत तिथे दुसऱ्या राज्यातून कोण आलं आणि त्याला कॅलिफोर्नियाची सनद रुजू झाल्यावर किती दिवसांनी मिळाली, हे एकेक नाव काढून बघावं लागतं. सनदीची तारीख तिथल्या बारच्या साइटवर कुणालाही दिसते. एका शिफ्टमध्ये अशी तीसेक नावं होतात. डोळ्यांची वाट लागते.

त्यानंतर तिने स्वतःच दोन वर्षांपूर्वी, एका वाईट रविवारी, रागाच्या भरात तीन फर्म्सच्या पोर्टलवर अर्ज टाकले होते असं निघालं. तिन्ही बाद.

एक फर्म तर माझ्या मते सगळ्यांत चांगली होती, पण ती त्या वेळी चालू असलेल्या एका व्यवहारात समोरच्या बाजूला बसलेली होती. ज्या फर्मशी तुम्ही अशिलाच्या वतीने घासाघीस करताय, तिच्याकडेच नोकरीची बोलणी करणं हा हितसंबंधांचा उघड संघर्ष. बॉसला मी पत्रिकेतली नाडी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, की बाकी छत्तीस गुण जुळले तरी एकनाड आली की आमच्याकडे लोक उठून जातात. (नाडीचे आठ गुण त्या छत्तीसातलेच असतात, हे आईने नंतर सुनावलं.) आता तो कॉन्फ्लिक्ट निघाला की फोनवर नुसतं 'नाडी' म्हणतो. व्यवहार पूर्ण होईपर्यंत ते नाव बाजूला ठेवलं.

या कामातला माझा सगळ्यांत आवडता भाग यानंतर येतो, तो म्हणजे भोकं शोधणं. जाहिरात दिलेली जागा सगळ्यांना दिसते, म्हणजे तिथे रेझ्युमेंचा ढीग पडलेला असतो. जाहिरात यायच्या आधीची जागा शोधायची. एखादा पार्टनर चार असोसिएट घेऊन दुसऱ्या फर्ममध्ये गेल्याची बातमी आली की दोन ठिकाणी बघायचं: जुन्या जागी माणसं कमी झाली आणि नव्या जागी काम वाढलं. मी काही ऑफिसांच्या वेबसाइटवरची असोसिएटची यादी दर महिन्याला उतरवून ठेवते. मागच्या महिन्यात सतरा होते, या महिन्यात चौदा, आणि जाहिरात नाही. याचे दोन अर्थ असू शकतात. काम आटल्यामुळे काढून टाकलं, किंवा काम इतकं तुंबलं की माणसं पळाली. मग ते तिघं गेले कुठे ते शोधायचं. तिघंही चांगल्या ठिकाणी, वरच्या पगारावर गेले असतील तर ऑफिसात हातांची गरज आहे. तिघांच्या लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'चं हिरवं कडं असेल तर तिकडे फिरकायचं नाही. त्या फाइलमध्ये असं एक भोक सापडलं. सहापैकी दोन जण गेलेले, दोघंही मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागात चांगल्या पदावर. यादीत मी ते ऑफिस पहिलं ठेवलं.

फर्म स्वतः किती धड आहे हेही बघावं लागतं. २०१२ च्या मेमध्ये ड्यूई अँड लबफ ही एकेकाळी हजारावर वकील असलेली न्यूयॉर्कची फर्म दिवाळखोरीत गेली. बाहेरून आणलेल्या बड्या पार्टनर्सना तिने भरघोस कमाईची हमी देऊन ठेवली होती आणि ते पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तिजोरीत नव्हते. बातम्यांत पार्टनर गेले. असोसिएट आणि कर्मचारी बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात गेले. म्हणून एखादी फर्म वर्षभर दणक्यात माणसं घेत असेल तर मी खूश होत नाही. आत कोण येतंय त्याच्या शेजारच्या रकान्यात बाहेर कोण पडतंय तेही मांडते.

शेवटी सहा नावं उरली. पाच मोठ्या फर्म्स आणि एक चाळीसेक वकिलांची लहान फर्म, सॅक्रामेंटोपासून जवळ, जिथले दोन पार्टनर स्वतः न्यूयॉर्कच्या दगदगीतून पळून आलेले. आईची शुश्रूषा करायची असेल तर ही सहावी जागा तिला सगळ्यांत जास्त सोयीची होती हे माझ्यासारख्या खराडीत बसलेल्या बाईलाही दिसत होतं. पण तिथला पगार मोठ्या श्रेणीच्या दोन तृतीयांश. म्हणजे आमची फीही तेवढीच.

बॉसने ते नाव खोडलं नाही. तिला सहाही सांगितली, प्रत्येक ठिकाणचं चांगलं-वाईट सांगितलं. फक्त लहान फर्मबद्दल तो चार मिनिटं बोलला आणि पहिल्या फर्मबद्दल वीस. मी कॉलवर होते, माइक बंद करून. यात खोटं काही नव्हतं. नियम मोडलेला नव्हता. रिक्रुटर कुठे पाठवतो हे कुठे वीस मिनिटं बोलतो त्यावर ठरतं, आणि त्या वीस मिनिटांचं भाडं कोण देतं हे कँडिडेटला फोनवर ऐकू येत नाही. ती पहिल्या फर्ममध्ये लागली. बरी आहे म्हणे. आईला तिने जवळ आणून ठेवलंय.

यापेक्षा मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती कुठल्याच फोनवर बोलली जात नाही.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे आणि हा कायदा नुसत्या मालकांना नाही, नोकरी मिळवून देणाऱ्या एजन्सींनाही लागू आहे. कोणी फर्म तोंडाने 'अमुक प्रकारची माणसं नको' म्हणाली तर तिचं ऐकणं आमच्यासाठी बेकायदा. तशी कोणी म्हणतही नाही. मग काय होतं? अंदाज बांधले जातात. 'त्यांना तसा माणूस रुचत नाही', 'तिथे फिट बसणार नाही'. हे फिट बसणं म्हणजे काय, याची व्याख्या मी सहा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. २०१४ मध्ये नेक्स्टियन्स या अमेरिकी सल्लागार संस्थेने एक प्रयोग केला होता. मुद्दाम चुका घातलेलं एकच कायदेशीर टिपण वेगवेगळ्या फर्म्सच्या पार्टनर्सना वाचायला दिलं. लिहिणारा असोसिएट गोरा आहे असं सांगितलेल्यांनी पाचपैकी सरासरी ४.१ गुण दिले. तोच काळा आहे असं सांगितलेल्यांनी ३.२. टिपण तेच, चुका त्याच.

हे वाचल्यावर मला पार्टनर्सपेक्षा आमचीच काळजी वाटली. पार्टनर निदान टिपण वाचून मग कमी गुण देतो. रिक्रुटर पार्टनर काय म्हणेल याचा अंदाज करून नाव पाठवतच नाही. ज्याला नकार आला त्याला नकाराविरुद्ध दाद मागता येते; ज्याचं नाव कुठे गेलंच नाही त्याच्यापाशी दाखवायला कागदही नसतो. कॉलेजच्या क्रमवारीचंही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डच्या लॉ स्कूल्सनी 'यूएस न्यूज'च्या क्रमवारीत भाग घेणार नाही असं जाहीर केलं आणि त्यांच्यामागून आणखी काही बाहेर पडली. मोठी बातमी झाली. आमच्या स्प्रेडशीटमधला 'पहिल्या चौदात आहे का' हा रकाना त्या दिवशीही होता, आजही आहे.

गेल्या सप्टेंबरात मला एका मुलीचा मेसेज आला. "ताई, नमस्कार. तुम्ही मराठी आहात असं प्रोफाइलवरून वाटलं म्हणून लिहितेय." मिरजेची. पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स, मग मुंबईच्या एका फर्ममध्ये अडीच वर्षं वीजप्रकल्पांच्या कर्जाचं काम, मग न्यूयॉर्कमध्ये एक वर्षाचं एलएलएम. त्यासाठी घर तारण ठेवलेलं. जुलैत न्यूयॉर्कच्या बारची परीक्षा दिलेली, निकाल ऑक्टोबरच्या शेवटी. शिक्षणानंतर काम करायची परवानगी एक वर्षाची, त्यातले दिवस सुरू झालेले. तिने अकरा रिक्रुटर्सना रेझ्युमे पाठवला होता. एकाकडून आपोआप येणारी पोच आली, बाकी दहांकडून काही नाही. तिचा प्रश्न होता, "माझ्यात नक्की काय कमी आहे, तेवढंच सांगा."

तिच्यात काय कमी होतं ते तिच्या रेझ्युमेत नव्हतं. तिथल्या वकिलाची नेहमीची पदवी तीन वर्षांची असते आणि फर्म्स आम्हाला फी देतात ती त्या रस्त्याने आलेल्या, तिथेच दोन-चार वर्षं मुरलेल्या माणसासाठी. एलएलएमवाल्यांसाठी त्यांचा मार्ग वेगळा असतो. न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत परदेशी पदवीधरांसाठी मुलाखतींचा मोठा मेळावा भरतो, तिथून थोडे जण निवडले जातात, फुकटात. त्याच प्रकारच्या माणसासाठी पंचवीस टक्के कोण मोजणार? आमच्या तक्त्यात यासाठी एक रकाना आहे आणि जवळजवळ सगळ्या ओळींत तिथे 'नाही' लिहिलेलं आहे. म्हणजे अकराही रिक्रुटर्सनी तिचा रेझ्युमे उघडून पदवीची ओळ बघितली असेल आणि दहा सेकंदांत बंद केला असेल. उत्तर का दिलं नाही? कारण उत्तर लिहायला पाच मिनिटं लागतात आणि त्या पाच मिनिटांचं भाडं कुणी देत नाही.

तिला मी हे सगळं मराठीत, सविस्तर लिहिलं. आमच्यापैकी कुणी तुझं नाव घेत नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, उलट घेतलं असतं तर तुझ्या गळ्यात हजारो डॉलरची पाटी लटकली असती. तू थेट गेलीस तर ती पाटी नसते. तिचं उत्तर आलं, "पण मग कुठे जाऊ?" आणि सोबत तिची यादी होती. पंचवीस नावं. सगळी न्यूयॉर्कमधली, सगळी वर्तमानपत्रात वाचलेली.

पुढचे दोन रविवार मी तिच्यासाठी तेच केलं जे एरवी पगारासाठी करते. फक्त प्रश्न जरा फिरवून विचारला: भारतातली पदवी आणि वीजप्रकल्पांची कर्जं हा कमीपणा न ठरता कामाची गोष्ट कुठे ठरेल? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी वकिलांना भारतात ऑफिस थाटून वकिली करता येणार नाही, अधूनमधून येऊन सल्ला देता येईल, असं सांगितलं. बार कौन्सिलने २०२३ मध्ये दार किलकिलं करणारे नियम आणले, २०२५ मध्ये ते सुधारले. इतकी वर्षं दार बंद असल्यामुळे अमेरिकी आणि ब्रिटिश फर्म्सनी भारताचं काम बाहेरून करायची सोय लावून ठेवली आहे. त्यांची भारतावर काम करणारी माणसं बऱ्याचदा सिंगापूरला बसतात, काही लंडनला. तिथे न्यूयॉर्कची सनद आणि मुंबईतली अडीच वर्षं एकत्र असणं उपयोगाचं. शिवाय अमेरिकेत एक वर्ष संपलं की एच-वन-बी, म्हणजे वर्षाला ८५,००० व्हिसांची मर्यादा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. सिंगापूरला जायचं तर ते गणितच नाही.

ती दोन दिवस गप्प होती. मग फोन आला. "ताई, घरी काय सांगू? एवढं कर्ज काढून अमेरिकेत शिकले आणि सिंगापूरला चालले?" यावर माझ्याकडे रिक्रुटरचं उत्तर नव्हतं. पगार, कराचा दर आणि कर्जाचा हप्ता तिने स्वतःच वहीत मांडला, वहीचा फोटो मला पाठवला आणि बाबांनाही पाठवला. बाबांनी फक्त अंगठा दाखवला म्हणे. तो पसंतीचा की नुसता 'पाहिलं'चा, हे तिला अजून कळलेलं नाही.

नवी यादी एकोणीस नावांची झाली: सिंगापूरची नऊ, लंडनची तीन, न्यूयॉर्कमधली भारताचं काम करणारी सात. त्यातली सहा मी खोडली. दोन ठिकाणचे भारत बघणारे पार्टनर नुकतेच सोडून गेले होते, एका फर्ममध्ये तिच्या मुंबईच्या जुन्या बॉसचा भाऊ होता आणि त्या बॉसशी तिचं कसं तुटलं ते तिने सांगितलं होतं, तीन ठिकाणी दोन वर्षांत बाहेरून एकही माणूस घेतलेला नव्हता. उरली तेरा. सगळी एकदम पाठवायची नाहीत, आधी चार, मग दहा दिवस थांबायचं, असं ठरलं. निकाल लागला, ती पास झाली. बुधवारी रात्री नऊला तिने न्यूयॉर्कमधून पहिला मेल सोडला, तेव्हा सिंगापूरमध्ये गुरुवारचे सकाळचे नऊ वाजले होते. मेल बघायची हीच वेळ.

नंतर पाहिलं तर मी खोडलेल्यांपैकी दोन नावं तिने गुपचूप परत घातली होती. एक ठीक आहे. दुसरं मी आजही खोडलंच असतं.